मशरूमचं क्रीम आणि फार्मसीचा फॉर्म

प्रश्न : आम्ही कोरेगाव तालुक्यातले. थोडा ऊस, थोडं सोयाबीन आणि घरामागे धिंगरी मशरूमचं छोटं शेड. थोरली लेक यंदा बारावी सायन्स झाली. पीसीबीला गुण बरे आहेत, सीईटीही बरी गेली. मेडिकलला नंबर लागणार नाही हे तिनंच मान्य केलंय, पण फार्मसीचा फॉर्म भरायलाही ती तयार नाही. विकून उरलेलं मशरूम वाळवून, दळून तिनं आधी फेसपॅक केला, मग कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी घालून क्रीम. वाडीतल्या बायकांनी पैसे देऊन नेलं. आठवड्याभरात एका डबीच्या झाकणाला आतून काळे ठिपके आले. तिनं सगळ्यांकडच्या डब्या परत आणून फेकल्या आणि वहीत लिहून ठेवलं. आता म्हणते, दीड महिन्याचा ऑनलाइन 'ऑरगॅनिक स्किनकेअर'चा कोर्स करून स्वतःचा ब्रँड काढते, चार वर्षं कॉलेजात कशाला घालवू? तिचे पप्पा म्हणतात, डी.फार्म. कर आणि मेडिकल टाक. बापलेकीचं बोलणं बंद आहे. दोन शेजारणींनी पुढच्या डब्यांचे पैसे आगाऊ देऊन ठेवलेत. मी काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, पत्रातलं भांडण सोडून मी आधी काळ्या ठिपक्यांबद्दल बोलतो. अठरा वर्षांची पोर, हातात पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईचे पैसे, आणि एका डबीला बुरशी दिसली म्हणून ती घरोघर जाऊन सगळा माल उचलून आणते, वहीत नोंद करते. माल परत मागवायची वेळ आली की भलेभले कारखानदार आढेवेढे घेतात. हा स्वभाव कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. बाकीचं सगळं शिकवतात, आणि ते शिकायला तिनं कॉलेजात जावं असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते तिला शेजारी बसवून वाचून दाखवा, कारण पुढचं बरंचसं तिच्या डबीबद्दलच आहे.

ताज्या धिंगरीत ८५ ते ९० टक्के पाणी असतं. वाळवून दळली की मागे उरतात ती मुख्यतः कर्बोदकं आणि प्रथिनं. त्यात कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी घातलं की बुरशी-जिवाणूंना आयतं ताट वाढून मिळतं. 'केमिकल नको' म्हणून तिनं टिकवणारं काही घातलं नसणार. डोळ्यांना दिसली ती बुरशी, पण न दिसणारे जिवाणू त्याच्या आधीपासून वाढत असतात, आणि पापणीपाशी किंवा फुटलेल्या पुटकुळीवर ते जास्त त्रास देतात. ज्या क्रीममध्ये पाणी आहे त्याला परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारा घटक, लागतो, मग डबीवर कितीही हिरवी पानं छापा. फिनॉक्सिइथेनॉल हा त्यातला नेहमीचा, तो १ टक्क्याच्या आत वापरतात. कारखान्यात तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग वेगवेगळा, साधारण ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून एकत्र घोटतात. उष्णतेनं बिघडणारे अर्क मिश्रण ४० अंशांच्या आसपास उतरल्यावर घालतात. मग मुद्दाम जंतू सोडून परिरक्षक पुरतो का ते बघतात. डब्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत महिनोन्‌महिने ठेवून रंग, वास, पीएच, तेल सुटतं का, हे तपासतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत निम्मा प्रयोग फुकटात होतो म्हणा, पण त्याची नोंद कशी ठेवायची आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा हे शिकावं लागतं.

तिची कल्पना मात्र वेडगळ नाही. हे तिच्या पप्पांनीही ऐकावं. अळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाची कर्बोदकं असतात. त्वचेवर ती ओलावा धरून ठेवतात, जळजळ शमवायलाही मदत करतात. ट्रेमेला नावाची पांढरी, जेलीसारखी बुरशी चीन-जपानात पूर्वापार खातात. तिचा अर्क आज ओलावा टिकवणारा घटक म्हणून सीरममध्ये असतो. रेशी म्हणजे गॅनोडर्मा ही अळिंबी, तिच्यात ट्रायटर्पीन नावाची संयुगं असतात. अळिंबीत अर्गोथायोनीन नावाचं अँटिऑक्सिडंट भरपूर असतं, ते १९०९ मध्ये अर्गट या बुरशीत पहिल्यांदा सापडलं. आणि तुमच्या शेडमधली धिंगरीही यात मागे नाही. तिच्यातल्या बीटा-ग्लुकानला प्ल्युरान म्हणतात, आणि प्ल्युरान असलेल्या क्रीमचा अटोपिक डर्मटायटिस म्हणजे एक्झिमाच्या रुग्णांवर स्लोव्हाकियात अभ्यास झालेला आहे.

पण त्या क्रीममध्ये दळलेली धिंगरी नव्हती. वेगळं काढलेलं, मोजून घातलेलं बीटा-ग्लुकान होतं. लेकीनं हा फरक नीट समजून घ्यावा. बीटा-ग्लुकान काढायला गरम पाणी लागतं, ट्रायटर्पीन काढायला अल्कोहोल. अर्कात नेमकं काय किती उतरलं ते मोजावं लागतं, आणि पुढच्या घाण्यातही तेवढंच उतरायला हवं. नुसती पावडर चेहऱ्यावर थापली तर लेपाचं समाधान मिळतं, बाकी फारसं काही नाही.

इंटरनेटवर फिरणारी एक गोष्टही तिनं खोडून टाकावी. 'मशरूममधलं कोजिक ॲसिड डाग घालवतं' असं सर्रास लिहिलेलं असतं. कोजिक ॲसिड बुरशीपासूनच मिळतं, पण ते ॲस्परजिलस ओरायझी या, भात आंबवायला वापरतात त्या बुरशीचं. जपानमध्ये १९०७ साली ते सापडलं. त्वचेचा रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं, हे खरं आहे. त्वचेला त्रास देऊ शकतं, म्हणून युरोपात चेहऱ्यावरच्या प्रसाधनात त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. धिंगरीची पावडर लावून कोजिक ॲसिडचा गुण येईल, हा भ्रम आहे. आणि 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे तर अळिंबीच्या बाबतीत अजिबात चालत नाही. शिताके ही अळिंबी कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाल्ली तर काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे येतात, जपानी डॉक्टरांनी १९७७ मध्ये ते नोंदवलं. तुमच्या शेडमध्येही, ताई, धिंगरी पूर्ण उमलल्यावर जी पांढरी धूळ उडते तिनं खोकला, दमा होऊ शकतो. तोडणी करणाऱ्या प्रत्येकानं मास्क लावावा, आणि छत्री कडेनं सपाट होण्याआधीच तोडावी.

आता कायदा. विक्रीसाठी क्रीम बनवायचं तर परवाना लागतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम याला लागू आहेत, परवाना आपल्याकडे राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. घरगुती आहे, थोडंच आहे, ओळखीतच विकतो, म्हणून सूट नाही. डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सगळं लागतं. 'डाग बरे होतात', 'एक्झिमा जातो' असं लिहिलंत तर ते प्रसाधन राहत नाही, औषध ठरतं आणि प्रकरण वेगळ्याच वळणावर जातं. शिवाय उत्पादनावर देखरेख करायला पूर्णवेळ तांत्रिक माणूस दाखवावा लागतो. फार्मसीची पदविका असलेला किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट यात सरळ बसतो. दीड महिन्याच्या कोर्सचं रंगीत प्रमाणपत्र कितीही झकास असलं तरी त्याच्या जोरावर बॅचवर सही करता येत नाही. असले कोर्स सगळेच वाईट असतात असं नाही, काहींत साबण आणि बाम बरे शिकवतात. पण तो छंद झाला, त्यासाठी प्रवेशाचं वर्ष घालवू नये.

म्हणून माझा सल्ला : बी.फार्म.चा फॉर्म भरा, आणि पसंतीक्रमात कराडचं शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय वर ठेवा. घरापासून लांब नाही, फी खासगीच्या मानानं कमी. सांगलीतही चांगली फार्मसी कॉलेजं आहेत. अभ्यासक्रमात सूक्ष्मजीवशास्त्र आहे, वनौषधींच्या अर्कांचा विषय आहे आणि शेवटच्या वर्षात सौंदर्यप्रसाधन विज्ञान हा ऐच्छिक विषयही आहे. म्हणजे वहीत तिनं जे प्रश्न लिहून ठेवलेत त्यांची उत्तरं याच चार वर्षांत आहेत. पुढे एम.फार्म. करायचं झालं तर जीपॅट परीक्षा देऊन फार्मास्युटिक्स (औषध घडवण्याचं शास्त्र) किंवा फार्माकॉग्नसी (वनौषधींचं शास्त्र). फीबद्दल एक महत्त्वाचं : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. ती मिळते कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो, नॉन-क्रीमीलेअर, हे आजच सेतू केंद्रात टाका. दरवर्षी गुणांपेक्षा दाखल्यावाचूनच जास्त पोरींच्या जागा जातात, हे मी फार बघतो.

डी.फार्म.बद्दल पप्पांचा हिशोब अगदीच चुकीचा नाही. दोन वर्षं, सीईटीची गरज नाही, पुढे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी, आणि नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. कॅपमध्ये मनासारखं काही मिळालं नाही तर हा रस्ता धरा. पण हे सगळं 'मेडिकल टाक' म्हणून करायचं असेल तर मी नाही म्हणेन. तालुक्याच्या गावात एका चौकात किती मेडिकल झालीत ते पप्पांनी मोटारसायकलवरून जाता जाता मोजावं. आणि जिला घटक पारखायची खाज आहे तिला काउंटरमागे बसवलं तर ती तिथंही बाटल्यांच्या मागचं वाचत बसेल, गिऱ्हाईक उभं राहील.

साताऱ्यात रयतच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बी.एस्सी. हाही पर्याय आहे. सूक्ष्मजीवशास्त्र तिला नक्की आवडेल, पण पुढे एम.एस्सी. केल्याशिवाय प्रयोगशाळेत चांगली जागा मिळणं अवघड. मुंबईच्या आयसीटीत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, तेल आणि सरफॅक्टंट (साबणासारखे घटक) तंत्रज्ञानाचं बी.टेक. आहे, ते उत्तम, पण प्रवेशाची चढाओढ मोठी आहे आणि त्याला गणित लागतं. पीसीबीच्या मुलीनं त्यात जीव अडकवू नये.

चार वर्षं शेडचं काय? शेड चालू ठेवा. तिच्यासाठी तीच प्रयोगशाळा आहे. पण तिथून बाहेर पडणारा माल खाण्याचा असू द्या : ताजी धिंगरी, वाळवलेली धिंगरी, सूपची पावडर. वाळवून, पाकीटबंद करून विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी घ्यावी लागते. ती क्रीमच्या परवान्याच्या मानानं पुष्कळ सोपी. पीएमएफएमई ही केंद्राची योजना अन्नप्रक्रियेसाठी आहे, ३५ टक्के अनुदानाची. बँकेत गेल्यावर कोणी 'त्यातच क्रीमपण दाखवू' म्हणालं तर ऐकू नका, प्रसाधनं तिच्यात बसत नाहीत. दहा किलो ताजी धिंगरी वाळवली की जेमतेम किलोभर हाती येते, हा हिशोब भाव ठरवताना विसरू नका. लागवडीचं शास्त्र पक्कं करायला बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे, आणि देशाचं मुख्य केंद्र हिमाचलात सोलनला.

लेकीनं वहीत आणखी रकाने पाडावेत : काड सोयाबीनचं की गव्हाचं, काड वाफवलं किती वेळ, स्पॉन (अळिंबीचं बियाणं) कुठल्या तारखेचं, तोडणी कितवी, वाळवलं उन्हात की यंत्रात, वाळल्यावर वजन किती. आज ही हमाली वाटेल. पण अर्क विकत घेणारी कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, की प्रत्येक वेळी माल सारखा येईल का. पदवीनंतर या वहीवर तिला घटक पुरवणारी होता येईल, किंवा दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात, रीतसर लोन लायसन्स (दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घ्यायचा परवाना) घेऊन, स्वतःच्या नावाचं क्रीम बनवून घेता येईल. पहिल्या दिवशी स्वतःचा कारखाना उभा करावा लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नोकरी करायची झाली तर पुणे, मुंबई, वापी, बद्दी इथं गुणवत्ता नियंत्रण आणि फॉर्म्युलेशनची कामं असतात. सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो, पण तीन-चार वर्षं तिथं काढली तर दुसऱ्याच्या खर्चानं धंदा शिकून होतो.

बापलेकीच्या अबोल्यात तुम्ही निरोप्याचं काम करू नका, ताई. ठिपक्यांची ती वही पप्पांसमोर ठेवा आणि लेकीलाच बोलू द्या. त्यांना तिचा ब्रँड दिसतोय आणि भीती वाटतेय. वही त्यांनी अजून पाहिलेली नसणार.

राहिल्या शेजारणी. त्यांचे आगाऊ पैसे या आठवड्यातच परत करा, आणि ते लेकीनं स्वतः जाऊन द्यावेत. 'क्रीम बंद केलंय, परवाना मिळाला की सांगते' एवढं म्हटलं तरी पुरे. सोबत पावशेर ताजी धिंगरी द्यावी. कांदा-लसणावर परतून, सातारी कांदा-लसूण मसाला घालून ती फार छान लागते, आणि त्याला अन्न व औषध प्रशासनाची हरकत नाही.