धुळ्यात राहून टीव्ही पत्रकार आणि पुढे प्रोड्यूसर होता येतं का?

तुम्ही धुळ्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहात, बोलण्यात अहिराणी डोकावते, मुंबईत ओळख नाही. तरी जमेल का, आणि प्रोड्यूसर नेमकं करतो काय, असं विचारलंय.

जमतं. मी अमळनेरचा. जळगावात स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेला स्थानिक बातमीदार होतो, मग मुंबईत आउटपुट डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या प्रसारणासाठी तयार होतात तिथे गेलो, आता बुलेटिन प्रोड्यूसर आहे.

लोकांना अँकर आणि रिपोर्टर दिसतात. कोणती बातमी आधी, किती सेकंद, कोणत्या शॉटने उघडायची, हे प्रोड्यूसर ठरवतो. रनडाऊन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांची क्रमवार यादी, तो लावतो. बुलेटिन सुरू असताना पीसीआरमधून (प्रसारणाच्या नियंत्रण कक्षातून) टॉकबॅकवर, म्हणजे इअरपीसच्या लाइनवर, अँकरच्या कानात तोच बोलत असतो. लाइव्ह तुटलं तर पुढची बातमी त्याच क्षणी वर ओढावी लागते.

या खुर्चीत आपल्या भागाचा माणूस असणं फार गरजेचं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं की रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात. एरवी आडवी झाडं, एक रडवेला बाईट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया), आणि तीस सेकंदांत बातमी संपते. केळी कळणारा प्रोड्यूसर लगेच फोन लावतो: बाग निसवली होती का, म्हणजे घड बाहेर पडले होते का? कापणी किती लांब होती? महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात वाऱ्याचा वेग किती नोंदला गेला? विम्याचं बरंचसं त्या नोंदीवर अडतं. वर्षभर सांभाळलेल्या झाडाचा घड कापणीच्या तोंडावर मातीत गेला, हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. मग कॅमेरामनला घडाचा क्लोज घ्यायला सांगायचं, शेतकऱ्याला पुरतं बोलू द्यायचं. त्याच बातमीचं दोन मिनिटांचं पॅकेज, म्हणजे दृश्यं, बाईट आणि निवेदन जोडलेली पूर्ण बातमी होते.

अहिराणी सोडू नका. व्हीओसाठी (दृश्यांवरच्या निवेदनासाठी) प्रमाण मराठीचा सराव रोज मोठ्याने वाचून करा, पण फिल्डवर "काय व्हयनं भाऊ?" विचारलं की माणूस मोकळा होतो.

शिकायचं तर जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीत आयआयएमसी. आकाशवाणी जळगावला नैमित्तिक निवेदकांची स्वरचाचणी निघाली तर जरूर द्या. आवाजावर आणि वेळेवर ताबा तिथे येतो.

पैशाचं स्पष्ट सांगतो. 2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा (आताचं एबीपी माझा) सुरू झाल्यावर जिल्ह्यातून बातम्या पाठवणाऱ्यांची गरज वाढली, पण स्ट्रिंगरला बहुतेक ठिकाणी बातमीमागे पैसे मिळतात, तेही उशिरा. त्यावर घर चालत नाही. म्हणून वर्ष-दोन वर्षं फिल्ड करा आणि डेस्कची जागा निघाली की लगेच अर्ज करा. डेस्कवर रात्रपाळी असते, सणाला सुट्टी नसते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

तोवर मोबाइलवर शूट करून स्वतः एडिट करायला शिका. फुटेज पाठवताना गाव, तालुका, बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा न चुकता लिहा. डेस्कवाले सगळ्यात आधी तेच बघतात.