शेटलंड पोनी उन्हाळी कृषी शोमध्ये उतरवायचा आहे. तयारी काय करावी आणि कधीपासून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनशायरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने मुलीसाठी दोन वर्षांची शेटलंड घोडी घेतली आहे (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची ही बुटकी जात). पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या कृषी शोमध्ये मुलगी तिला दोराने धरून, चालत रिंगणात नेणार आहे. आयाळ किती कापायची, वेण्या घालायच्या का, अंगावर चमक कशी आणायची?

आयाळ कापू नका आणि वेण्याही घालू नका. चमकेचं काम मात्र कित्येक महिने आधीच सुरू करा, कारण ती बाटलीतून येत नाही.

सारंगखेड्याच्या बाजारात सजवलेले उंच घोडे पाहिलेल्या माणसाला हे सगळं उलटं वाटेल. शेटलंडच्या वर्गात सजावटीला गुण नाहीत. परीक्षक जनावर जातीच्या मापदंडाशी ताडून पाहतो. या जातीची वंशनोंद ठेवणारी शेटलंड पोनी स्टड-बुक सोसायटी 1890 साली स्थापन झाली, आणि त्यामागे एक कारण होतं. 1842 च्या कायद्याने ब्रिटनच्या कोळसा खाणींत बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी आली. मग बुटक्या पण दणकट पोनींना मागणी वाढली आणि बेटांवरचे चांगले नर भराभर खाणींत गेले. जात टिकवायची तर नोंद ठेवणं भाग होतं. म्हणूनच आजही परीक्षक नाजूकपणा शोधत नाही. खोल छाती, आखूड मजबूत पाठ, रुंद पुठ्ठा, जाड हाडाचे सरळ पाय, लहान डोकं, रुंद कपाळ आणि काळेभोर बोलके डोळे, हे तो बघतो.

आधी कागद आणि उंची. घोडी सोसायटीत नोंदलेली हवी आणि मालक म्हणून तुमचं नाव चढलेलं हवं. पासपोर्ट आणि मायक्रोचिप कायद्यानेच लागतात. घोड्यांचं वय 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जन्म मे महिन्यातला असला तरी पुढच्या वर्षी ती तीन वर्षांच्या वर्गातच जाईल. तीन वर्षांपर्यंत उंचीची मर्यादा 40 इंच (102 सेंमी), चार आणि पुढे 42 इंच (107 सेंमी). 34 इंचांपर्यंतच्या पोनी मिनिएचर, त्यावरच्या स्टँडर्ड. माप मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर घ्यायचं. सिमेंटसारख्या कडक, सपाट जागेवर चारही पाय नीट ठेवून मोजा. गवतावर मोजलं की खूर रुततात आणि माप कमी भरतं. घोडी 34 च्या आसपास असेल तर चुकीच्या वर्गात नाव जाण्याचा धोका खरा आहे, तेव्हा अर्ज भरायच्या आधी पुन्हा एकदा मोजा. अर्जाची मुदत शोच्या कित्येक आठवडे आधी संपते, आणि रॉयल हायलंडसारख्या मोठ्या शोची तर आणखी लवकर. बऱ्याच शोंना इन्फ्लुएन्झाची लस लागते. पहिल्या आणि दुसऱ्या डोसात किमान 21 दिवस जातात आणि तिसरा काही महिन्यांनी असतो. नेमकं अंतर शोच्या नियमावलीत पाहून व्हेटशी बोला, आणि शोच्या आदल्या आठवड्यात डोस येऊ देऊ नका.

आता केस. शेटलंडचा हिवाळी कोट दुहेरी असतो. आत दाट लोकर, वर पाऊस झटकणारे लांब राठ केस. उन्हाळ्यात तो गळून आखूड, रेशमी कोट येतो आणि शोमध्ये तोच दिसायला हवा. गळणं दिवसाच्या लांबीवर चालतं. स्कॉटलंडमध्ये एप्रिलला सुरू होऊन जून उलटेपर्यंतही रेंगाळतं, लहान वयाच्या पोनींमध्ये जास्तच. मशीनने केस उतरवायचा मोह होईल, पण तसं करू नका. कापलेल्या केसाचा रंग फिका पडतो, पोत खरखरीत होतो, आणि जाणकार परीक्षकाला ते लांबून कळतं. त्याऐवजी मार्चअखेरपासून रोज पंधरा-वीस मिनिटं रबरी खराऱ्याने गोलगोल घासा, मग राठ ब्रश, शेवटी मऊ ब्रश. खरारा नुसता मेलेले केस काढत नाही, त्वचेतलं तेलही केसाच्या टोकापर्यंत पोचवतो, आणि खरी चमक ती. रात्री हलकी झूल घातल्याने फायदा होतो, पण खांद्यावर आणि आयाळीच्या मुळाशी ती घासते. आतून गुळगुळीत अस्तराची झूल घ्या. मोरकी चढवून चरायला सोडू नका. कानामागचे केस तुटतात, आणि कुंपणात अडकण्याची भीती वेगळीच.

आयाळ आणि शेपूट हाच शेटलंडचा दागिना आहे, आणि तो घाईने विंचरण्यात हमखास बिघडतो. कोरड्या शेपटीत कंगवा घातला की प्रत्येक ओढीला दहा-वीस केस तुटतात. शेपटीचा लांब केस पुन्हा तेवढा वाढायला वर्षं लागतात. आधी गुंता सोडवणारं फवारणीचं द्रव्य मारा, मग बोटांनी टोकाकडून मुळाकडे बटा मोकळ्या करा. कंगवा अगदी शेवटी आणि तोही मोठ्या दातांचा. आठवड्यातून एकदा एवढं पुरे. घोट्यामागचे लांब केस राहू द्या. जबड्याखालचे हिवाळी केस काही जण हाताने थोडे उपटून नीट करतात, त्याला माझी हरकत नाही. कानाच्या आतले केस आणि मिशा मात्र तशाच ठेवा, त्या पोनीच्या कामाच्या आहेत.

आयाळीचा मोठा शत्रू म्हणजे स्वीट इच. मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांच्या लाळेची ही अ‍ॅलर्जी. पोनी आयाळ आणि शेपटीचं बूड खांबावर घासून घासून रक्त काढते, आणि घासलेली आयाळ त्या हंगामात परत येत नाही. खाज दिसल्यावर उपाय करायला गेलात तर उशीर झालेला असतो. मिज यायच्या आधी, एप्रिलमध्येच, मान-पोट झाकणारी खास झूल घालायला लागा, पहाटे आणि संध्याकाळी तबेल्यात घ्या, ओढ्याकाठची ओलसर कुरणं टाळा.

चाऱ्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शोसाठी पोनी ‘भरलेली’ हवी म्हणून लोक तिला फुगवतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे कधी कधी अशाच पोनींना वरचा क्रमांकही मिळतो. शेटलंडची जात खडकाळ बेटांवरच्या तुटपुंज्या चाऱ्यावर तगलेली आहे. मुख्य भूमीवरच्या हिरव्यागार कुरणातली साखर तिला झेपत नाही. त्यातून लॅमिनायटिस होतो. खुराच्या आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या थरांची पकड ढिली पडते, आणि हाड फिरलं तर जनावर कायमचं अधू होतं. खूर गरम लागणं, घोट्यामागची नाडी ठणठण उडणं, वळताना आखडणं, पुढच्या पायावरचा भार मागे टाकून उभं राहणं, यातलं काही दिसलं तर शो विसरा आणि त्याच दिवशी व्हेटला बोलवा. मानेच्या वरच्या कडेला चरबीची टणक वळी दिसायला लागली तर ती आधीची सूचना समजा.

म्हणून हात फिरवून तपासायची सवय लावा. फासळ्या दिसू नयेत, पण हलक्या बोटांना सहज लागाव्यात. 180 किलोच्या पोनीला दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे 2.7 किलो, पुरतो. गवत सुकवल्यावरही थोडं पाणी राहतंच, त्यामुळे तराजूवर हे साधारण 3.2 किलो भरेल. अंदाजाने टाकू नका, गवताची जाळी तराजूला लावा. वाळलेलं गवत तासभर पाण्यात भिजवून पाणी फेकलं तर थोडी साखर निघून जाते. उबदार दिवसात मात्र जास्त वेळ भिजत ठेवू नका, ते आंबतं. सोबत खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण पाकिटावरच्या मापाने द्या. धान्य नको. कुरण पट्ट्यापट्ट्याने मोकळं करा. तोंडाला बांधायची चराईची जाळी उपयोगी असते, पण नाकावरचे केस घासते, तेव्हा शोच्या महिना-दीड महिना आधीपासून पट्ट्यांवरच भागवा.

उलट बाजूही तितकीच घातक आहे. जाड झालेल्या शेटलंडला एकदम उपाशी ठेवलं तर शरीर चरबी रक्तात ओतायला लागतं. याला हायपरलिपेमिया म्हणतात, आणि गाभण किंवा दूध पाजणारी घोडी त्यात पाहता पाहता जाते. वजन महिन्यांच्या हिशेबाने उतरवा.

खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून तासून घ्या. नाल ठोकायची गरज नाही. शोआधीची तासणी आठ-दहा दिवस आधी हवी. आदल्या दिवशी तासून घेतलं आणि थोडं जास्त निघालं, तर खडीवरून येतानाच घोडी पाय जपायला लागेल. गुडघ्याच्या वाटीकडे व्हेटला एकदा मुद्दाम बघायला सांगा. या जातीत मागच्या पायाची वाटी सरकण्याचा दोष आढळतो. दुडकी चालताना मागचा पाय मध्येच अडकल्यासारखा होतो, आणि परीक्षक नेमकं तेच शोधत असतो. वरखालचे पुढचे दात एकमेकांवर नीट बसतात का, हेही ओठ उचलून आत्ताच पाहा.

सराव रोज दहाच मिनिटं करा. जास्त केला की तरुण पोनी कंटाळते. मुलीने खांद्याच्या रेषेत चालायचं, पुढून ओढायचं नाही. पोनीचं डोकं माणसाच्या कमरेशी येतं, म्हणून लोक वाकून मोरकीलाच धरतात. मग पोनीचं तोंड वाकडं होतं आणि चाल तिरकी पडते. दोर मोरकीपासून हातभर सैल हवा, पाठ ताठ, नजर समोर. वळायचं ते उजवीकडे, पोनीला आपल्यापासून दूर ढकलत, आणि स्वतः बाहेरून फिरून.

उभं करणं हीच खरी कला आहे. परीक्षकाला एका बाजूने चारही पाय दिसले पाहिजेत. त्याच्या बाजूचा पुढचा पाय किंचित पुढे आणि मागचा किंचित मागे, तर पलीकडचे दोन्ही त्यांच्या आत. पाय हाताने उचलून ठेवायचे नाहीत. दोराने अर्धं पाऊल मागे सारलं, खांद्यावर बोट टेकवलं, की भार सरकतो आणि पाय आपसूक जागेवर येतो. जमीन उताराची असेल तर पुढचे पाय चढाकडे ठेवा, आणि जमलं तर आखूड गवताची जागा निवडा. उंच गवतात खूर बुडाले की पोनी आखूड पायांची दिसते. कान पुढे यावेत म्हणून गवताची काडी दाखवा. खाऊ देऊ नका, नाहीतर सबंध वर्ग संपेपर्यंत ती खिसे हुंगत बसेल.

आंघोळ दोन दिवस आधी घाला. कोमट पाणी, घोड्यांचा शाम्पू, आणि धुताना स्वच्छ पाणी खाली पडेपर्यंत धुवा. आयाळीच्या मुळाशी शाम्पू राहिला की कोंडा दिसतो आणि खाजही सुटते. अगदी आदल्या रात्री धुतलं तर तेल निघून गेल्याने केस भुरभुरीत उभे राहतात. रात्री लाकडाचा भुसा अंथरू नका, शेपटीत अडकतो. गव्हाचं काड बरं. सकाळी मऊ ब्रश, ओल्या फडक्याने डोळे-नाक, खुरांना रंगहीन तेल. नाकावर बेबी ऑइल लावण्याची पद्धत आहे, पण गुलाबी नाकाची पोनी उन्हात भाजते, तिला लावू नका.

तीन वर्षांच्या घोडीला स्वच्छ पांढरी मोरकी शोभते. मुलीसाठी ट्वीडचं जाकीट, शर्ट-टाय, गडद पँट, हातमोजे, डोक्याला घट्ट बसणारी टोपी, आणि ज्यात पळता येईल असे सपाट बूट. हातमोजे दिसण्यासाठी नसतात, दोर सटकला तर तळवा सोलतो. पुढे कधी नर घोडा घेतलात तर लक्षात ठेवा, बहुतेक शो तो लहान मुलांच्या हाती देऊ देत नाहीत.

रिंगणात सगळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालतात. माणूस पोनीच्या डावीकडे, म्हणजे बाहेरच्या अंगाला येतो, आणि मधे उभ्या परीक्षकाला पोनी मोकळी दिसते. पुढच्या पोनीपासून दोन पोनींइतकं अंतर ठेवा. मग कच्च्या क्रमाने रांग लागते आणि एकेकीला पुढे बोलावतात: उभं करा, साध्या चालीने सरळ लांब जा, वळा, दुडकीत परीक्षकाकडे आणि त्याच्या बाजूने पुढे या. जाताना तो मागच्या पायांची सरळ रेषा बघतो, येताना पुढच्या, आणि बाजूने मागचा खूर पुढच्याच्या ठशावर पडतो का ते. रांगेत परत गेल्यावर लोक सैलावतात, तिथे घोडी एक पाय दुमडून डुलकी काढते आणि नेमका तेव्हाच परीक्षक पुन्हा नजर टाकतो. शेवटच्या फेरीपर्यंत तिला जागं ठेवा. लाल फीत पहिल्याची, निळी दुसऱ्याची, पिवळी तिसऱ्याची.

उतरण्याआधी एक उन्हाळा नुसतं बघण्यात घालवता आलं तर फारच उत्तम. अ‍ॅबरडीनहून शेटलंडमधल्या लर्विक बंदराला रात्रभराची बोट जाते. ऑगस्टमध्ये शेटलंड बेटांवर वॉल्स आणि कनिंग्जबर्गचे शो असतात. तिथल्या कुंपणाशी उभं राहून परीक्षकाचा क्रम लागण्याआधी स्वतः मनात क्रम लावा, आणि मग तो कुठे आणि का वेगळा पडला ते बघा.

शोहून परत आल्यावर घोडीला लगेच हिरव्या कुरणात सोडू नका. आधी पाणी, मग नेहमीचंच वाळलेलं गवत. घरी दुसऱ्या पोनी असतील तर तिला दोन आठवडे वेगळं ठेवा आणि रोज ताप बघा. शोमधल्या सामाईक बादल्यांतून स्ट्रँगल्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग सहज घरी येतो, म्हणून तिथे जातानाही पाण्याची बादली आपलीच न्या.