स्वतःचे आटे पाडणारा बोल्ट बदलताना

भाऊ, मोटारहोमच्या पायरीचा बोल्ट काढला आणि तो गोल नाही, किंचित तीनकोनी दिसला, म्हणून घाबरू नको. तो असतोच तसा. हा बोल्ट आटे कापत नाही, धातू दाबून बाजूला सारतो. त्यामुळे कीस पडत नाही, आणि हादऱ्यानं तो सहजासहजी ढिला होत नाही.

तोच परत लावताना आधी हातानं उलटा फिरव. जुन्या आट्यात टक्कन बसल्याचं बोटाला कळतं. मग सरळ फिरव, पाना त्यानंतर. मी परतवाड्याजवळ थेट इम्पॅक्ट गन (झटके देत बोल्ट फिरवणारं मशीन) लावली होती. ॲल्युमिनियमच्या चौकटीत आट्यांवर तिरपे आटे पडले, आणि चिखलदऱ्याच्या घाटात पायरी सुटून लोंबायला लागली. अंगावर काटा आला होता, मागं दुचाकीवाले होते.

आटे गेलेच असतील तर जाड बोल्ट ठोकू नको. मागून हात जात असेल तर आरपार बोल्ट, रुंद वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा). नसेल तर रिव्हेट नट (एकाच बाजूनं भोकात दाबून बसवायचा नट). हाच आटे पाडणारा बोल्ट नव्या भोकात लावायचा तर भोक एम६ ला (६ मिमी बोल्टला) साधारण ५.५ मिमी, टॅपसाठी (आटे कापायच्या हत्यारासाठी) पाडतो तसं ५ मिमीचं ठेवलंस तर बोल्ट अर्ध्यात अडकून तुटेल.

तालुक्याला हे बोल्ट सहसा मिळत नाहीत. किरकोळ जागी, पडलेल्या आट्यांत त्याच मापाचा, त्याच पिचचा (आट्यांमधलं अंतर) साधा ८.८ ताकदीचा बोल्ट चालतो. सीट आणि सीटबेल्टला मात्र कंपनीचाच बोल्ट मागव, आठ दिवस थांबावं लागलं तरी.