गाडी-बिडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बाबांची २०११ची अल्टो आहे, ७९६ सीसीवाली, पेट्रोल. आधी नाशकात आरामात १८चं ॲव्हरेज द्यायची, आता १४वर आलीये. मेकॅनिक म्हणतो इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे, आणि शेजारचे काका म्हणतात १५ वर्षं झाली की भंगारातच. काय करू?
– एक वाचक, सातपूर

उत्तर: काका सांगतायत ते दिल्लीचं. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची भानगड तिकडची, आपल्याकडे पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की आरसी पुढे ५ वर्षं रिन्यू. फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, पीयूसी-इन्शुरन्स चालू हवा, आणि मुदत संपायच्या आधीच अर्ज टाका, नाहीतर दंड चढत जातो.

आता ॲव्हरेज. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं तरी फरक पडणार ६-७ टक्क्यांचा, १८चं फार तर १७ होईल. १४ कसं काय? इथेनॉलच्या नावावर हल्ली सगळंच खपवतात बरं का! (जुन्या रबरी फ्युएल पाइपांना मात्र त्याचा त्रास होऊ शकतो, ते चेक करून घ्याच.) माझा संशय मागच्या ब्रेकवर आहे. सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा आणि ढकलून बघा, अल्टोसारखी हलकी गाडी एकट्या माणसाला सहज हलली पाहिजे, अडखळली तर ब्रेक धरतोय. थोडं चालवून आल्यावर मागच्या चाकाजवळ हात न्या, एकच बाजू जास्त तापली असेल तर तिथंच पेट्रोल जातंय. मग प्लग, एअर फिल्टर, टायरमधली हवा. आणि रोज नाशकातल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून जात असाल तर थोडं ॲव्हरेज तिथं पडणारच, त्यात गाडीचा काय दोष.

या इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) आहे, चेन नाही. शेवटचा कधी बदलला ते कोणालाच आठवत नसेल तर कसारा घाट उतरायच्या आधी बदला, तुटला तर गाडी जागीच बंद.

विकायची की ठेवायची हे पत्रा किती गंजलाय त्यावर ठरवा. रॅम्पवर चढवून खालून बघा, फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने टोचा, भोक पडलं तर मात्र खर्च करत बसू नका.