आज्जीचा अडुळसा आणि तुझं सिरप

सानू,

काल व्हिडिओ कॉलवर आज्जी सारखी "अडुळसा घे गं" म्हणत होती आणि फोन ठेवल्यावर तू विचारलंस की ते काय असतं, आणि अपोथेकेतून, म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानातून, खोकल्याचं सिरप आणलंय तर पाला कशाला उकळायचा. तेव्हा मी घाईत होते, आता लिहिते.

अडुळसा म्हणजे माणसाच्या उंचीचं झुडूप, कधी त्याहून मोठं, लांबट टोकदार पानं, पांढरी फुलं आणि त्यांच्यावर जांभळट रेघा. आपल्याकडे कुंपणाला लावतात कारण पानं इतकी कडू की शेळीपण तोंड लावत नाही, आणि शेळी काय काय खाते ते गावाला गेल्यावर बघशीलच. नुसती पानं वाटली तर रस फारसा निघत नाही, म्हणून आधी वाफवायची किंवा तव्यावर गरम करायची, मग पिळायची आणि तो रस मधातून चाटायचा. काढ्यात सुंठ, ज्येष्ठमध, खडीसाखर सगळं घालतात, तरी कडू लागतोच हं, आज्जी काहीही म्हणू दे. पूर्वी दम्याला सुकलेल्या पानांची विडीसुद्धा ओढायचे, ते तू वाचून विसरून जा!

आता गंमत ऐक. या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावरून इथल्या जर्मन लोकांनी ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करायचं औषध बनवलं, आणि ब्रोमहेक्सीन पोटात गेल्यावर शरीरात त्याचंच अँब्रॉक्सॉल, म्हणजे तसंच कफाचं औषध, तयार होतं. तुझ्या सिरपची बाटली फिरवून बघ काय लिहिलंय. म्हणजे तू आणि आज्जी भांडताय ते एकाच घराण्यातल्या औषधांवरून.

पण म्हणून दोन्ही सारखीच असं नाही. बाटलीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, पानात किती ते कोण सांगणार? आणि झाडपाला म्हणजे अपाय नाहीच असं अजिबात नाही, अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं म्हणून गरोदर बाईला तो द्यायचा नसतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधच चाटवायचा नाही.

तर सिरप चालू आहे तोवर काढा नको, आज्जीला मी समजावते. आणि श्वास घेताना छातीत घरघर वाटली तर रात्री कितीही वाजले असले तरी मला उठव, तेव्हा सिरप नाही, काढा नाही, सरळ डॉक्टरकडे.

आई