मुलाची ॲलर्जी चाचणी पॉझिटिव्ह आणि माझी निगेटिव्ह, मग दोघांचा दमा वेगळा आहे का?

तुमच्या सात वर्षांच्या मुलाच्या प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर टोचून केलेल्या ॲलर्जी चाचणीत, धुळीतले किडे, झुरळ आणि गवताचे परागकण असे तिन्ही पॉझिटिव्ह आले, तुम्हाला मात्र चाळिशीनंतर दमा जडूनही तुमच्या चाचणीत काहीच निघाले नाही. तेव्हा दोघांचा आजार वेगळा आहे का आणि घरात नेमके काय बदलावे, असे तुम्ही विचारले आहे. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे आणि लहानपणी मी स्वतःही दम्यापायी अनेक रात्री उशीला टेकून बसून काढल्या आहेत.

आजाराचे नाव एकच असले तरी तो येण्याच्या वाटा वेगळ्या असतात. बालपणीच्या दम्यात बहुतेक वेळा ॲलर्जी असते, तर मोठेपणी सुरू झालेल्या दम्यात ती पुष्कळदा नसते. तिथे वाढलेले वजन, नाकातले विकार किंवा कामाच्या जागेवरची धूळ आणि वाफा यांचा विचार करावा लागतो. त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली म्हणून तुमचा दमा खोटा ठरत नाही. चाचणीआधीच्या आठवड्यात सर्दीची किंवा खाजेची गोळी घेतली होती का, तेवढे आठवून पाहा, कारण अशा काही गोळ्यांमुळे खरी ॲलर्जीही झाकली जाते.

मुलाच्या अहवालाबाबत मला अधिक कळकळीने सांगायचे आहे. टोचल्यावर साधारण 15 ते 20 मिनिटांत 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध उठली, तर त्या पदार्थाला शरीर ओळखते एवढेच सिद्ध होते; त्याने श्वास कोंडतोच, असे नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला अहवालात गवताचे नाव होते म्हणून वर्षभर मैदानावर जाऊ दिले नव्हते, आणि तिला धाप तर पहाटे अंथरुणात लागत असे. अमेरिकेतल्या शहरी मुलांवरच्या, 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले: झुरळांची ॲलर्जी आणि झोपायच्या खोलीत झुरळांचे अंश, या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या होत्या, त्या मुलांना रुग्णालयात अधिक वेळा दाखल करावे लागत होते.

धुळीतला किडा जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा असतो, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो आणि दमट हवेत फोफावतो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनाची, आणि ते कण जड असल्यामुळे हवेत फार वेळ न तरंगता गादी-उशीतच साठतात. म्हणून या किड्यांसाठी महागडे हवा शुद्ध करणारे यंत्र घेण्यापेक्षा गादी आणि उशीला घट्ट विणीच्या, पूर्ण बंद होणाऱ्या खोळी घालणे आणि चादरी 60 अंशांच्या गरम पाण्यात धुणे मला योग्य वाटते. गाद्या उन्हात टाकण्याची आपली रीत चांगलीच आहे, पण उन्हाने किडे मेले तरी ते प्रथिन मागे उरते.

इथेही वयाचा फरक पडतो. ब्रिटनमध्ये 1,122 प्रौढांवर केलेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या खोळींचा उपयोग दिसला नाही. परंतु या किड्यांची ॲलर्जी असलेल्या 284 मुलांच्या 2017 सालच्या इंग्लंडमधील अभ्यासात, तीव्र झटक्यामुळे रुग्णालय गाठावे लागलेल्या मुलांचे वर्षभरातले प्रमाण साध्या खोळींच्या गटात सुमारे 42 टक्के, तर घट्ट विणीच्या खोळींच्या गटात 29 टक्के होते. म्हणून मुलाच्या अंथरुणावर खर्च करा. स्वतःच्या गादीसाठी तो करण्याची गरज मला दिसत नाही.

झुरळांसाठी फवारा मारू नका, त्याच्या वासानेही छाती आवळते. झुरळे मारायचे जेल लावा आणि रात्री खरकटे झाकून ठेवा. हे सगळे करताना दोघांचेही पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. खोकला केव्हा आणि कुठे वाढतो, याची महिनाभर नोंद ठेवून ती अहवालाबरोबर डॉक्टरांना दाखवा, आणि दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पांघरुणे काढाल त्या दिवशी मुलाला आजीकडे पाठवा.