रास्पबेरीची कोवळी पाने पिवळी पडत आहेत. युरिया द्यावा का?

कोथरूडच्या गच्चीवर विटा-सिमेंटच्या वाफ्यात लावलेल्या रास्पबेरीची शेंड्याकडची पाने पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत, आणि झाडाला बोअरचे पाणी दिले जाते, असे तुम्ही लिहिले आहे. या स्थितीत युरिया देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिवळेपणा झाडावर कुठून सुरू झाला, हे सर्वांत आधी पाहावे. युरियातून मिळते ते नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवते, त्यामुळे खालची पाने शिरांसकट फिकी पडतात. लोह असे सहजी हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव आधी शेंड्यावर दिसते आणि शिरांमधला भाग पिवळा होऊन हिरव्या शिरांची जाळी उठून दिसते. तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

लोह मातीत बहुधा असतेच, पण मुळांना ते घेता येत नाही. रास्पबेरीला साधारण 5.5 ते 6.5 पीएचची (पीएच म्हणजे आम्लतेचे माप, अंक जितका कमी तितकी माती आम्ल) आम्लधर्मी माती मानवते, तर पुण्याची काळी माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त असते. त्यात बोअरच्या जड पाण्याची आणि सिमेंटमधून झिरपणाऱ्या चुन्याची भर पडते. खात्री करण्यासाठी वाफ्यातली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतावे. बुडबुडे येऊन माती फसफसली, तर तिच्यात चुना आहे. अशा मातीत नुसते फेरस सल्फेट घातले तर त्यातले लोह लवकरच मुळांच्या आवाक्याबाहेर जाते. त्याऐवजी ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (चुनखडीच्या मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) पाकिटावरील प्रमाणात मातीतून द्यावे. राख आणि अंड्यांची टरफले टाकत असाल तर कृपया थांबवा. दोन्हींमुळे पीएच वाढतो. शक्य तिथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, आणि पुढच्या पावसाळ्यात रोप लाल माती, कोकोपीट व कुजलेले शेणखत भरलेल्या मोठ्या कुंडीत हलवावे. उपाय लागू पडला की नवी पालवी हिरवी येते. आधीच पिवळी पडलेली पाने पूर्ववत होतीलच असे नाही.

मात्र मुळांशी पाणी साचत असेल तरीही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून वाफ्याची निचऱ्याची भोके मोकळी आहेत ना, हे खत देण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

पानांवर बारीक फिके ठिपके असतील, तर पान पांढऱ्या कागदावर झटकावे. कागदावर पडलेले कण चालू लागले, तर तो कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड आहे. पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो झपाट्याने वाढतो, आणि पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने वारंवार धुतल्यास बराच आटोक्यात येतो. दुसऱ्या वर्षी फळे देऊन झालेल्या काडीची पाने पिवळी पडणे मात्र स्वाभाविक आहे. तिला औषध नको, ती जमिनीलगत कापून टाकावी.